न आलेला कुकारा

रविवार, ७ ऑक्टोबर २००७. सायंकाळी सात वाजता विशाखाबाईंचा प्रयोग आमच्या शिवारात सुरू झाला. जनित्र मीच सुरू केले होते, त्यामुळे वेळेबद्दल मला शंका नाही.

प्रयोग हा शब्द त्यांचा. रंगमंच नव्हता, तिकीट नव्हते, कोणाला पाठ करायला वाक्ये नव्हती. दिग्रसच्या रस्त्याला लागून असलेल्या आमच्या गावाबाहेर एक टेकाड आहे. त्यावर माणसे बसली होती. उतारावर दोन बांबूंना पांढरा पडदा ताणलेला होता. पडद्याच्या पलीकडे, खाली नाल्यापर्यंत, कापसाची वावरे. त्या वर्षी पऱ्हाटी पुरुषभर वाढली होती. तिच्यात शिरलेला माणूस वरून दिसत नसे. वावरांच्या धुऱ्यांवरून, म्हणजे बांधांवरून, बाईंनी शिकवलेल्या मुली कंदील घेऊन नाचणार होत्या. आवाज वावरांतून येणार होता, चित्रे पडद्यावर दिसणार होती. या सर्वांचा मेळ बाईंच्या डोक्यात होता. दुसऱ्या कोणाच्याही डोक्यात तो पूर्ण नव्हता.

विशाखा दामोदर सोनोने. मूळच्या नेरच्या. वडील जलशात गात. बैलगाडीवर उभे राहून त्यांनी गावोगाव बाबासाहेबांची गाणी म्हटली होती. मुलगी बडोद्याला नृत्य शिकली, परत आली आणि तिने सभागृहात नाचणे सोडून दिले. एवढे मला ठाऊक आहे. अधिक मी कधी विचारले नाही, आणि त्याही सांगणाऱ्यांपैकी नव्हत्या.

माझ्याकडे त्या आल्या त्या विजेच्या कामासाठी. मी वीज खात्यातून निवृत्त झालो होतो. गावात कोणाला जोडणी हवी असली की तो माझ्याच दारी येई, तसे यांचेही असेल असे मी समजलो. ओसरीत उभ्या राहून त्या म्हणाल्या, "काका, वीज जाते केव्हा?"

"जाते केव्हा? येते केव्हा ते विचारा."

"येण्याशी मला काम नाही. मला अंधार पाहिजे. गावात एक दिवा नको. भारनियमनाची वेळ पक्की सांगा. सगळं त्यावर बसवीन."

नोकरीत आणि निवृत्तीनंतरही माझ्याकडे अंधार मागायला आलेले ते एकच माणूस. मी वेळ सांगितली. संध्याकाळी सातला वीज जात असे आणि रात्री उशिरा येई. त्यांनी मान हलवली, बशीत चहा ओतून प्यायल्या आणि म्हणाल्या, "पडदा आणि चित्रयंत्र चालेल इतकं जनरेटर तुम्ही बघा. पण ते मला ऐकू आलं तर मी स्वतः येऊन बंद करीन." म्हणून मी ते टेकाडामागच्या जुन्या खदानीत उतरवले आणि तेथून वर केबल ओढली. आवाज ऐकू आला नाही. बाईंनी शाबासकी दिली नाही. शाबासकी देणे त्यांच्या स्वभावात नव्हते. एखाद्या मुलीचे नृत्य मनासारखे झाले तर त्या "दिसलं" एवढेच म्हणत. आवाज मनासारखा झाला तर "ऐकू आलं". त्या दोन शब्दांसाठी त्यांच्या मुली महिनोन्‌महिने राबत.

जागा निवडण्याची त्यांची पद्धत विचित्र होती. नव्या शेतात शिरताना त्या धुऱ्याशी थांबत, डोळे मिटत आणि बराच वेळ हलत नसत. आमच्या गावात पहिल्या दिवशी त्या अशाच उभ्या असताना दोघा बायांनी त्यांना झपाटलेली समजून मला बोलावणे धाडले होते. मी गेलो. त्या डोळे न उघडता म्हणाल्या, "काका, नाल्याकडून हाक आली तर ती गावात उशिरा पोचते. मधे टेकाड तिला धरून ठेवतं. माहीत होतं तुम्हाला?" मला माहीत नव्हते. जन्म येथे गेला, पण मला माहीत नव्हते.

दुसरी एक गोष्ट त्यांच्या मुलींपैकी एकीने सांगितली. दिग्रसला एका बंद पडलेल्या जिनिंगच्या आवारात त्यांचा प्रयोग होता. शेवट फाटकाशी व्हायचा, महिनाभर तोच बसवलेला. ऐन वेळी शेजारच्या जिनिंगचा भोंगा वाजला. बाईंनी दुरून हात किंचित वळवला. मुली फाटकाकडे पाठ करून भिंतीकडे गेल्या आणि भोंगा वाजेपर्यंत भिंतीला कपाळ टेकून उभ्या राहिल्या. लोकांना ते आधीच ठरलेले वाटले. काही जण रडले, असे ती मुलगी म्हणाली.

मी तिला विचारले, "तुम्हाला न सांगता बदलतात?"

"नेहमी. बाई म्हणतात, नटाला सगळं सांगितलं की तो वाट पाहायला लागतो. मला वाट पाहणारा नट नको. काही वेगळं झालं तर समजायचं, बाईंनीच बदललं. मधे थांबायचं नाही."

ही त्यांची शिकवण होती आणि ती अत्यंत परिणामकारक होती. आमच्या गावातील अडाणी म्हटली जाणारी माणसेही ती पंधरवड्यात शिकली.

कुकाऱ्याविषयी सांगणे आवश्यक आहे. रानडुकरांच्या भीतीने आमच्याकडे पिकाला जागल असते. वावरात मचाण बांधून माणूस रात्र काढतो. अंधार पडला की नाल्याकाठचा जागल्या तोंडाला हात लावून लांब आवाज देतो. तो कुकारा. त्याला पुढच्या वावरातून उत्तर येते, त्याला त्याच्या पुढच्या, असे करत आवाज गावापर्यंत पोचतो. गावाला कळते की सारे ठीक आहे. एखाद्या वावरातून उत्तर आले नाही तर मागचा जागल्या पुन्हा देतो. तरीही आले नाही तर तो काठी घेऊन उतरतो. हा कोणी केलेला नियम नाही. साप, डुक्कर, झोप, दारू, काहीही कारण असो, जाऊन पाहायचे. भांडण असलेल्या शेजाऱ्यानेही जायचे.

त्या वर्षांत कापसाची दशा अशी होती की काही वावरांतले मचाण रिकामे झाले होते. ती माणसे कोठे गेली याविषयी मी येथे लिहीत नाही. रांगेत एक खंड पडे आणि कुकारा त्यावरून उडी मारून पुढे जाई. बाईंना तो खंड ऐकू आला होता. त्यांचा सारा प्रयोग त्याच्याभोवती होता.

रचना साधी होती. पहिला कुकारा नाल्याकाठच्या गंगारामबुवांचा. दुसरा त्यांच्या पुढच्या वावरातून देवरावचा. तिसरे निंबाचे वावर. तेथे मचाण होते, माणूस नव्हता. तेथे गप्प राहायचे. लोकांना अस्वस्थ वाटेपर्यंत गप्प. मग पुढच्यांनी द्यायचा. प्रत्येक कुकाऱ्याला पडद्यावर त्या त्या माणसाचा चेहरा दिसणार होता. लग्नाचे व्हिडिओ काढणाऱ्या दिग्रसच्या एका तरुणाने दिवसा मचाणावर जाऊन ते चित्रण केले होते. चित्रात आवाज ठेवला नव्हता. पडद्यावर तोंड उघडेल आणि आवाज खऱ्या वावरातून येईल, अशी योजना.

गंगारामबुवा शिवारातले सर्वांत जुने जागल्ये. तालमीच्या दुसऱ्या दिवशी ते बाईंपुढे येऊन बसले.

"बाई, कुकाऱ्याचा खेळ करा. मले काई म्हननं नाई. पन चुप राह्याचा खेळ करू नोका."

"काहून बुवा?" बाई त्यांच्याशी त्यांच्याच बोलीत बोलत. ती त्यांच्या माहेरचीच बोली होती.

"चुप झालं का जा लागते. आमच्या पायाले सवय हाये. तुमी म्हनता, बसून राहा. पायाले कसं समजवू?"

"त्या चुपीसाठीच तं मी आली बुवा. थे लोकायले ऐकू आली पाह्यजे. तुमी उठून गेले तं चुप मोडते."

बुवांनी हातातली काठी जमिनीवर आडवी ठेवली. मग म्हणाले, "तुमी शिकल्या-सवरल्या हा. बसू आमी." आणि बसायला शिकले. पहिल्या तालमीत निंबाच्या वावरातून उत्तर येईना तेव्हा तीन जागल्ये काठ्या घेऊन धुऱ्यावर आले होते. बाईंनी त्यांना रागावून परत पाठवले. चौथ्या तालमीपासून कोणी उठेनासे झाले. "ऐकू आलं," बाई म्हणाल्या. त्या संध्याकाळी त्या समाधानाने जेवल्या. मी मात्र खदानीत जनित्राजवळ उभा असताना ती शांतता ऐकली होती आणि मला ती आवडली नव्हती. कारण तेव्हा सांगता आले नसते.

देवराव हा शिवारातला उत्तम आवाज. त्याला स्वतःचे शेत नव्हते. दुसऱ्याच्या वावरात तो दिवसा रोजाने फवारणी करी आणि रात्री त्याच वावरात जागल. उंच, बारीक, तोंडाने अखंड चालू. बाईंनी त्याला धुऱ्यावरून चालून दाखवायला सांगितले तेव्हा पाठीवर पंप घेतल्यासारखा वाकून, एक हात दांड्यावर, दुसऱ्याने नळी फिरवत तो असा चालला की मुलींनी ते चालणे जसेच्या तसे उचलले. बाईंनी ते नृत्यात घेतले.

तो तालमीला पुष्कळदा वावरातूनच थेट येई. एकदा बाई नाक धरून म्हणाल्या, "देवराव, आंघोळ करून येत जा. औषधाचा वास येते तुह्या अंगाले."

"अत्तर होय थे, मॅडम. माही बायको शांता म्हनते का दुरूनच वासानं समजतो मी तिले."

"शांता येडी हाये. घरी जाय, अंग धू, मंग ये."

"आंघोळ करू का येळेवर येऊ? दोन्हीतलं एक सांगा."

सगळे हसले. बाईही हसल्या. मग त्यांनी साबणाची वडी आणून त्याच्या हातावर ठेवली आणि तो धुऊन येईपर्यंत तालीम थांबवली. ही गोष्ट मी मुद्दाम लिहितो. त्या निष्काळजी होत्या असे नंतर बोलले गेले. ते खरे नाही.

प्रयोगाच्या दिवशी त्यांनी सर्व जागल्यांना ऊन असतानाच मचाणावर बसायला सांगितले. टेकाडावर माणसे जमल्यावर वावरांत कोणी हललेले दिसू नये, गावाकडे कोणी येऊ नये. देवरावला मालकाने त्याच दिवशी फवारणी लावली होती. पहाटेपासून ऊन कलेपर्यंत, वारा नाही, पऱ्हाटी डोक्यापेक्षा उंच, म्हणजे औषध वरूनच अंगावर पडणार. काम संपवून तो घरी गेला असता तर गावाकडे जाताना दिसला असता. तो गेला नाही. वेळेवर बसला.

सात वाजता मी जनित्र सुरू करून वर आलो. वीज ठरल्याप्रमाणे गेली. गाव पुसल्यासारखे नाहीसे झाले. मुली कंदील घेऊन धुऱ्यांवर उतरल्या. टोबणीला, बी टोचायला, वाकतात तशा वाकत, उठत, पुन्हा वाकत. कंदील तेवढे दिसत, माणसे दिसत नव्हती. मग पडदा उजळला. गंगारामबुवांचा सुरकुतलेला चेहरा. तोंडाला हात गेले आणि नाल्याकडून तो लांब आवाज आला. टेकाडावर कोणाचे तरी मूल रडायला लागले.

पडद्यावर देवराव आला. हसला. हात तोंडाला लावले, गळ्याच्या शिरा ताणल्या, तोंड उघडले.

काही आले नाही.

व्हिडिओवाल्याने चित्र पुन्हा मागे नेले. तसे त्याला सांगितलेले होते. आवाज येईपर्यंत चेहरा ठेवायचा. देवराव पुन्हा हसला, पुन्हा त्याने तोंड उघडले. पुन्हा काही नाही. टेकाडावरची माणसे पुढे सरकून बसली. यवतमाळहून आलेल्या एका वार्ताहराने शेजाऱ्याच्या कानात "वा" म्हटलेले मी ऐकले. पुढे बसलेली शांता, देवरावची बायको, पदराआडून हसली आणि शेजारणीला म्हणाली, "पाह्य माय, घरी तं तोंड मिटत नाई या मानसाचं, अन् इथं गप बसला!"

मी बाईंकडे पाहिले. खालच्या वावरात गंगारामबुवा आहेत, ते पुन्हा देतील आणि उतरतील, असे मला वाटत होते. बुवांनी दिला नाही. उतरलेही नाहीत. धुऱ्यावरच्या मुली आपापल्या जागी वाकलेल्या, कंदील स्थिर. कोणी थांबले नव्हते, कोणी घाबरले नव्हते. सगळ्यांना वाटत होते, बाईंनी बदलले.

पडद्यावर देवराव आणखी एकदा हसला.

बाई हळू आवाजात म्हणाल्या, "काका, हे माझं नाही."

मग त्यांनी तोंडाला हात लावून स्वतः कुकारा दिला. तो मी विसरणार नाही. शिकलेला आवाज नव्हता तो. उत्तराची वाट न पाहता त्या उतारावरून धावत सुटल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी विजेरी घेऊन मागे गेलो. देवराव मचाणाखाली कुशीवर पडला होता. सदरा औषधाने ओला, तोंडाला फेस, घाम, श्वास घरघरणारा. विजेरीच्या उजेडात डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. पंप बाजूला कलंडलेला. गंगारामबुवा तोवर पोचले होते. ते कोणाकडेच न पाहता बोलत होते. "मी उठलो होतो. काठी घेतलती हातात. मंग म्हनलं, बाईनं बदललं असन. बसलो. म्या बसलो."

"बुवा, थे मंग," बाई म्हणाल्या. "आधी सदरा काढा. पानी आना."

लोकांना प्यायला आणलेले पाणी त्यांनी स्वतः त्याच्या अंगावर ओतले, ओले कपडे दूर फेकले, मान एका कुशीला वळवून धरली. नेण्यासाठी खाट नव्हती. त्यांनी वर पाहिले आणि पडदा काढून आणायला सांगितले. पडद्याच्या झोळीत त्याला घातला. पडदा निघाला तरी चित्रयंत्र चालूच होते. उजेड सरळ खालच्या पऱ्हाटीवर पडला आणि त्या पानाबोंडांवर देवरावचा चेहरा हसत राहिला. शांता तो पाहत उभी होती. ती आता हसत नव्हती. मी खदानीत जाऊन जनित्र बंद केले.

देवराव दुसऱ्या दिवशी दुपारी यवतमाळच्या दवाखान्यात वारला. डॉक्टर म्हणाले, खात्रीने सांगता येत नाही, पण थोडे आधी आणला असता तर आशा होती. किती आधी, हे कोणी विचारले नाही. त्याच सकाळी एका वर्तमानपत्रात प्रयोगाची बातमी आली. वार्ताहर शेवटच्या गाडीसाठी लवकर निघाला होता. त्याने त्या शांततेची फार स्तुती केली होती.

विशाखाबाई नंतर आमच्या गावी आल्या नाहीत. कुठे तरी मुलींना शिकवतात, असे एकाने सांगितले. शिकवणे सोडले, असे दुसऱ्याने. मी चौकशी केली नाही. आमच्या शिवारात जागल अजून आहे. कुकाराही आहे. पण एखाद्या वावरातून उत्तर आले नाही तर आता दोन वावरांतून माणसे उतरतात, एक मागून आणि एक पुढून. हे कोणी ठरवले, मला ठाऊक नाही.

मी त्यांना शेवटचे पाहिले ते त्या रात्री रस्त्यावर. दिग्रसकडे जाणारी एक काळी-पिवळी जीप थांबवली होती. आतले प्रवासी उतरले. देवरावला मागच्या बाकावर ठेवले, शांता पायाशी बसली, बाईंनी डोके मांडीवर घेतले. मागचे दार लागत नव्हते. बाईंनी ते एका हाताने आतून ओढून धरले. त्यांची साडी कमरेपर्यंत भिजली होती आणि तिला तोच वास येत होता. मी म्हणालो, "साबण लावून हात धुवा, पोचल्याबरोबर." त्यांनी मान हलवली. गाडी सुरू झाली तेव्हा दाराच्या फटीतून त्या म्हणाल्या, "काका, बाकीचे अजून मचाणावर आहेत. त्यांना कोणी काही सांगितलं नाही. त्यांना आणा. हाक मारून नको. जाऊन आणा."

मी गेलो. एकेका वावरात विजेरी घेऊन शिरलो. ते खरोखरच बसलेले होते, अंधारात, ताठ, आपापली पाळी यायची वाट पाहत. काय झाले, हे त्यांतल्या एकाने विचारले. बाकीच्यांनी विचारले नाही. मी आलो यावरूनच ते समजले. त्यांना मी टेकाडाशी पोचवले आणि देवरावच्या वावरात परत गेलो. पंपाच्या टाकीत औषध शिल्लक होते. सकाळी त्या बाजूने गुरे नाल्यावर जातात. धुऱ्यापासून दूर, नाल्याच्या उलट बाजूला, खुरप्याने खड्डा खणला, टाकी त्यात रिकामी केली, वर माती लोटली आणि बोराटीची एक काटेरी फांदी आणून तिच्यावर दगड ठेवला.